तांबटाने परत केलेली घागर

एका गावात एक तांबट होता. त्याच्या कारखान्यात दहा माणसं दिवसभर तांब्यावर हातोडे हाणायची. आवाज असा, की दारावरून वरात गेली तरी वाजंत्री ऐकू यायची नाही!

एके सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, परगावचा एक माणूस तिथे आला. बायकोमुलांना घेऊन कामासाठी वणवण फिरत होता बिचारा. चार गावांनी परत पाठवलेलं. त्याने स्वतः घडवलेली घागर तांबटापुढे ठेवली. तांबटाने ती फिरवून फिरवून पाहिली. ठोक्याला ठोका लागलेला, कुठे खोट म्हणून नाही.

"वा! कुणाकडे शिकलास रे?"

माणसाने कानाला बोट लावून नकारार्थी हात हलवला. त्याला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं.

तांबटाने घागर परत केली. "हात सोन्याचा आहे, पण तुला काम सांगायचं कसं?"

"मालक, याला हाक मारायला वेगळा गडी ठेवा!" एक कारागीर खिदळला.

शब्द नाही, पण हसणं त्या माणसाला कळलं. घागर उचलून तो जड पावलांनी दाराकडे निघाला. मागे हातोडे सुरू झाले.

तांबटाची बायको आतल्या दाराआडून सगळं ऐकत होती, बरं का. ती पुढे आली आणि हातानेच विचारलं, जेवायला काय? तांबटाने दोन बोटं दाखवली, मग ओंजळ तोंडाला लावली. तशी तिने दोन्ही हात वर करून काम थांबवलं.

"अहो, आत्ता काय मागितलंत?"

"दोन भाकऱ्या नि ताक. खूण केली ना!"

"तोंडाने का नाही सांगितलंत?"

"अगं, या ठोकाठोकीत ऐकू कुणाला येणार?"

"मग! भट्टी वाढव, हंडा फिरव, सगळं हातवाऱ्यांनीच चालतं तुमचं. आणि त्याला विचारता, काम सांगू कसं?"

खिदळणाऱ्याने मान खाली घातली.

तांबट उठला, धावत जाऊन त्या माणसाला रस्त्यात गाठलं, परत आणलं आणि आपल्या शेजारची जागा दाखवली. माणूस बसला, हातोडा उचलला.

वर्षभरात देवळाच्या भंडाऱ्यासाठी मोठा हंडा तयार झाला. बघायला सगळं गाव लोटलं.

"कुणी घडवला हो?"

तांबटाने त्या माणसाला हाताला धरून पुढे आणलं आणि खुणेने तोच प्रश्न विचारला. माणसाने हंड्याकडे बोट केलं आणि बायकोमुलांदेखत स्वतःच्या छातीवर हात ठेवला: मी!

तात्पर्य: माणसात काय उणं आहे ते शोधण्याआधी, कामाला खरंच काय लागतं ते बघावं.