पारख्याची जीभ

एकदा एका तुपाच्या पेढीवर एक पारखी चाकरीला लागला. तरुणपणी एका वृद्ध गुरुजींपाशी राहून त्याने ही विद्या मिळवली होती. थेंबभर तूप जिभेवर ठेवून ते गाईचे की म्हशीचे, लोणी किती दिवसांचे, कढवताना बेरी जळली की काय, हे सारे तो डोळे मिटून सांगे.

पण त्या पेढीची रीतच न्यारी! सकाळी डबा उघडला की मालक आधी बोट चाटून "वा!" म्हणत. मग एकेका चाकराने चाटायचे आणि "वा!" म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात पारखी म्हणाला, "मालक, हे जरा खवट आहे." झाले! "तुझं तोंडच खवट," म्हणत मालकांनी त्याला दिवसभर जोड्यांपाशी बसवले. सोबतीही हसले. हसतील नाहीतर काय करतील बिचारे, त्यांनाही तिथेच दिवस काढायचे होते. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही म्हणतात ना! पारखीही मुकाट "वा!" म्हणायला शिकला.

अशी आठ वर्षे गेली. एके दिवशी त्याच्या ध्यानात आले, की आपल्याला चवच कळेनाशी झाली आहे. वैद्य म्हणाले, जीभ निकोप आहे. जन्माची विद्या गेली, या धास्तीने तो गुरुजींकडे धावला.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि एक वाटी पुढे केली. "घे, घरचं ताजं तूप. कसं झालंय सांग."

त्याने बोट चाटले. अंगावर शहारा आला, डोळ्यांत पाणी तरारले. "वा!" तो म्हणाला.

गुरुजींनी ती वाटी अंगणात भिरकावली. "अरे, दोन वर्षं फडताळात विसरलेलं तूप ते! कुत्रंसुद्धा तोंड लावायचं नाही."

"मग मला कळलं कसं नाही?"

"कळलं की! शहारलास ते काय उगीच? बाळ, चव घ्यायला एक आणि बोलायला एक, अशा दोन जिभा देवानं दिल्या नाहीत. बोलणारी तू रोज मारलीस, मग चाखणारी कुणासाठी जगेल? ऐकणारंच कुणी नाही म्हटल्यावर तिनं सांगणं सोडलं."

"परत येईल?"

"त्या पेढीवर राहून नाही. आणि सोडलीस तरी लगेच नाही. मालक मागे राहतो, भय बरोबर येतं."

"घरात चार तोंडं आहेत, गुरुजी."

"म्हणून तर रागावत नाही तुझ्यावर." गुरुजींचा आवाज खाली आला. "दुसरी चाकरी शोध. तोवर दिवसातून एकदा, जिथं जमेल तिथं, एक गोष्ट खरी बोल. कितीही क्षुल्लक असो."

घरी जेवताना बायकोने आमटी वाढली आणि सहज विचारले, "कशी झालीय?" "वा" ओठांवर आलाच होता. त्याने तो गिळला. कपाळाला घाम फुटला. "मीठ... कमी आहे," तो पुटपुटला आणि आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून राहिला.

बायकोने मिठाचे भांडे त्याच्यापुढे सरकवले आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली.

त्या भांड्याकडे पाहता पाहता त्याला रडू कोसळले. खरे बोलल्यावर मीठ मिळते, एवढी साधी गोष्ट तो पार विसरून गेला होता.