हैबतीची स्वतःची ओळ

फार फार वर्षांमागची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा दवंडीवाला राहत होता. चाळीस वर्षं त्यानं हलगी वाजवत राजाचे हुकूम गावोगावी पोचवले. पुढे वय झालं, आवाज बसला आणि हलगी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. हैबती घरी बसला आणि दिवसभर कुरकुरू लागला.

त्याची बायको सारजा मात्र दुपार झाली की देवळाच्या ओवरीत जाई. तानूआत्या नावाच्या म्हाताऱ्या सुईणीनं तिथं गावातले सगळे वयस्क जमवले होते. कुणी गेरू-चुन्यानं भिंतीवर चित्रं काढी, कुणी ओवी रचून म्हणे. नजर गेलेले एक विणकरबाबासुद्धा बोटांनी रंग फासत बसत. हैबतीला हा सारा पोरखेळ वाटे. पण एके दुपारी रिकामं घर खायला उठलं, तेव्हा सारजाला बोलावण्याच्या निमित्तानं तोही तिथं पोचला.

तानूआत्यानं त्याला बसवून घेतलं. इथं येईल त्यानं स्वतःची एक ओळ म्हणायची, एवढाच नियम आहे, असं तिनं सांगितलं. हैबतीला हसू आलं. बोलण्यातच तर त्याचा जन्म गेला होता. तो उठला, छाती काढून म्हणाला, "ऐका हो ऐका!"

सगळे कान देऊन बसले. पण पुढे काही सुचेना. आजवर त्याच्या तोंडी राजाचेच शब्द होते; स्वतःचं असं काही तो कधी बोललाच नव्हता. तो खाली मान घालून निघून गेला.

चार दिवस तो ओवरीकडे फिरकला नाही. मग तानूआत्या दारात आली.

"हैबती, राजाचं सांगून झालं," ती म्हणाली. "तुझं काय सांगायचं राहिलंय, ते बघ."

दुसऱ्या दिवशी तो ओवरीत गेला. सारजा भिंतीवर पोपटाची शेपटी रंगवत होती. तिच्याकडे न बघता तो हळू आवाजात म्हणाला,

"गावोगावी हिंडलो गं, तुझी भाकर संगती;
लई गोड ती सारजे, आज सांगे हैबती."

सारजाचा हात घसरला. पोपटाची शेपटी पार खांबापर्यंत गेली. तिनं तोंडाला पदर लावला.

"चाळीस वर्षं लागली यांना," ती तानूआत्याला म्हणाली. "कालवण कसं होतं, तेही उद्या सांगायला सांगा."

ओवरी हसण्यानं भरून गेली. विणकरबाबांच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्यानंतर हैबती रोज नवी ओळ घेऊन येऊ लागला. सारजा त्या ओळीचं चित्र भिंतीवर काढू लागली. कुरकुरायला त्याला सवडच उरली नाही. शेतावरून परतणारे लेक-सुना वाटेत ओवरीपाशी थांबू लागले आणि आपल्याच घरच्या म्हाताऱ्यांच्या मनात केवढं काय आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

तात्पर्य: मनातलं मांडायला वयाची आडकाठी नसते; ते मांडलं की म्हातारपणालाही रंग चढतो.