बकूचा निळा गडू

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. इतकं इवलंसं, की एक कोंबडा आरवला तरी सगळं गाव जागं व्हायचं. त्या गावात बकू राहायची, आणि सोमवारपासून तिला एकाच गोष्टीची भीती वाटत होती.

बकूला बाबा नव्हते. आई बेसनाचे लाडू वळायची, चकल्या तळायची आणि गावात विकायची. लाडू कसे पिवळेधमक, चकल्या कशा कुरकुरीत! पण गाव ते केवढं, खाणारी तोंडं ती किती! जे मिळे ते गॅसच्या टाकीत आणि विजेच्या बिलात उडून जाई. शेवटी सोमवारी आई म्हणाली, "बकू, रविवारी मी शहरात जाते गं. एका मोठ्या घरी राहून स्वयंपाकाचं काम आहे. तू आत्याकडे राहा. दिवाळीला येईनच मी."

बकू नुसतं "बरं" म्हणाली. ती रडली नाही. आपण रडलो तर आईही रडेल, याची तिला फार धास्ती वाटली.

ती गुपचूप परसात गेली. तिथे मोरीच्या पाण्यावर अळू माजलं होतं, हिरवंगार आणि छत्रीएवढं. एका पानावर काहीतरी लुकलुकलं. बकूने वाकून पाहिलं, तर काय! गोकर्णीच्या फुलाएवढी चिमुकली परी! केळीच्या कोवळ्या पानाच्या रंगाचा झगा, चतुराचे असतात तसे झिरझिरीत पंख, आणि हातात पिटुकला निळा गडू.

"मला ठाऊक आहे तुला काय हवंय," परी हळूच म्हणाली. "पण मी बाहेरून काही आणू शकत नाही, राणी. तुमच्या घरातून जे उगाच वाया जातं, ते तू अडव. अडवलंस की गडूत एक थेंब पडेल. रविवार उजाडायच्या आत गडू काठोकाठ भरला, तर तुझी एक इच्छा पुरी होईल."

"आणि नाही भरला तर?"

"तर नाही. आणखी एक ऐक. गरजेचं काही अडवलंस, तर गडूला चीर पडेल."

परीने गडू बकूच्या तळहातावर ठेवला, आणि बकू कामाला लागली. तांदळाचं धुवण मोरीत न ओतता तिने मिरचीच्या रोपाला घातलं, तशी गडूत टपकन गुलाबी थेंब पडला! टपकत्या नळाखाली घागर ठेवली, निळा थेंब. खिडकीपुढची डब्यांची उतरंड हलवली, घरात उजेड आला, मग दिवसाढवळ्या जळणारा दिवा बंद केला, सोनेरी थेंब. डाळ आधीच भिजत घातली. भाताला चांगली उकळी आली की गॅस बंद करून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळलं, आणि भात आतल्या आत मऊ शिजला.

"काय गं हे खूळ!" आई हसली, पण तिनेही चकल्या तळताना आच बारीक केली.

गडू भरत होता, पण बकूचा जीव टांगणीला लागला होता. जेवताना, खेळताना, झोपेतसुद्धा ती थेंब मोजायची. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार, शुक्रवारही गेला. शनिवारी भर दुपारी गडूला एकच थेंब कमी होता. एकच!

तेवढ्यात दारात भाजीवाली भागाबाई आली. डोक्यावर जड पाटी, कपाळावर घाम. "पोरी, तांब्याभर पानी दे गं. नरडं पार सुकलंय."

तांब्याभर पाणी! ते वाचलं तर शेवटचा थेंब पडेल. ती खाली मान घालून म्हणाली, "पाणी... पाणी नाहीये."

"बरं बाई," म्हणून भागाबाई निघाली.

कट्! गडूला बारीकशी चीर पडली. गुलाबी, निळे, सोनेरी थेंब गळू लागले. बकूने घाबरून चिरेवर अंगठा दाबला, तसं गळणं थांबलं. अळू दहा पावलांवर होतं. असंच अंगठा दाबून धावत गेलं, तर परी एवढ्या थेंबांवर इच्छा पुरी करेल का? पण दारातून तिला दिसलं, भागाबाई रस्त्याकडेला मटकन बसली होती आणि तिचं डोकं गुडघ्यावर टेकलं होतं.

रांजणातून तांब्या भरून न्यायचा तर दोन्ही हात हवेत. थेंब गेले की आई गेली. तिने गडू खाली ठेवला, तांब्या भरला आणि धावत सुटली.

भागाबाई घटाघटा प्यायली. तिचा चेहरा जरा निवळला.

"मावशी, मी खोटं बोलले. पाणी होतं."

"ठावं हाय. रांजन दिसत व्हता की. पन आलीस न्हवं? एवढी का भ्यालीस गं?"

मग बकूने सगळं सांगितलं, आईचं, रविवारचं. भागाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी येऊन बघते तर गडू कोरडा ठाक. गडूशेजारी बसलेल्या परीचे पंखही मलूल झाले होते. "नियम मला मोडता येत नाही, राणी," ती म्हणाली. "पण गडू रिकामा झाला म्हणून तू अडवलेलं कुठे गेलं नाही. ते घरातच आहे."

रविवारी सकाळी आईने गाठोडं बांधलं. गॅसची टाकी शेजारी देऊन टाकावी म्हणून ती उचलू लागली, तर टाकी जड! "अगं बाई, ही तर गुरुवारीच संपायची होती!"

इतक्यात दारातून हाक आली. "लाडू करनारी ताई हायेस का?" भागाबाई पाटी उतरवत म्हणाली. "मी पाच गावं फिरते. तुझे लाडू-चकल्या माझ्या पाटीत दे. भाजीसंगं चुटकीसरशी खपतील."

आईने पाटीकडे पाहिलं. टाकीकडे पाहिलं. मग बकूकडे पाहिलं. आई खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली.

तशी बकूने भोकाड पसरलं.

"अगं वेडे, आता कशाला रडतेस? मी नाही जात!"

"म्हणूनच," बकू हुंदके देत म्हणाली. "इतके दिवस अडवून ठेवलं होतं."

"हे नसतं गं अडवायचं," म्हणत आईने तिला पोटाशी घट्ट धरलं, आणि मग तीही रडली.

खिडकीत परीचे पंख पुन्हा लखलखले. तिने बकूकडे बघून हात हलवला, आणि हिरवा, निळा, सोनेरी असा उजेडच उजेड झाला. बकूने डोळे पुसून पाहिलं, तेव्हा खिडकीत फक्त सकाळचं ऊन होतं.