इंजिनाचं तोंड

“पण बाबा, तुम्हीच सांगा, नवरीच्या तोंडापुढं कोणी पत्रे ठोकतं का?”

विचारणारा भास्कर तायडे. ड्रायव्हर कसला, वाफेच्या इंजिनावरून जीव ओवाळून टाकणारा वेडा. समोर लतीफबाबा. तीस वर्षं इंजिन हाकलं आणि मग लोको शेडमागच्या निंबाखाली फकीर होऊन बसले. शेडचा फोरमन आजही त्यांचा शब्द खाली पडू देत नसे.

थंडीची सकाळ होती. धुकं कुठलं आणि शेडचा धूर कुठला, काही कळत नव्हतं. त्यात दूर कुठेतरी एक शिट्टी झाली आणि विरून गेली. बाबा डोळे मिटून ऐकत होते...

पत्रे म्हणजे धुराड्याच्या दोन्ही बाजूंना उभे असतात ते. भास्करनं फिटरला गोडीगुलाबीनं पटवून ते काढायला लावले होते. विटेच्या भुकटीनं पितळ घासघासून सोन्यासारखं करायचं, आणि फलाटावरच्या लोकांना त्या पत्र्यांआड दिसणार काय, कपाळ?

“कशासाठी असतात ते?” बाबांनी विचारलं.

भास्करनं पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. धावताना वारा पत्र्यांमधून वर चढतो, धुराला उचलून नेतो, ड्रायव्हरला पुढचं दिसतं. गड्याला सगळं पाठ होतं, हीच तर गंमत.

“आणि परवा?”

...

परवा उतारावर धूर खाली बसला. रूळ तपासत येणारा कीमन नथू भास्करला दिसलाच नाही. नथूनं चरात उडी टाकली म्हणून वाचला, पण पाय मोडला. भास्करला इंजिनावरून उतरवलं. उद्या चौकशी होती. इंजिन गेलं तर जगून करायचं काय, असं म्हणताना त्याला रडू आवरेना. बाबांनी फोरमनकडे शब्द टाकावा, एवढ्यासाठीच तो आला होता.

बाबांनी चुलीत एक ओली काटकी सरकवली. धूर थेट भास्करच्या डोळ्यांत गेला. तो खोकत, डोळे चोळत बसून राहिला.

डोळे पुसत म्हणाला, “चुकलं, बाबा. पण खरं सांगतो, फार देखणं दिसत होतं हो ते.”

“दिसत असेल...”

“तुम्ही बघायला हवं होतं.”

बाबांनी डोळे उघडले.

“मी कशाला? नथू दवाखान्यात आहे. त्याला जाऊन विचार, कसं दिसत होतं.”