राजाच्या मुंगसाची फिर्याद

वज्रबाहू राजाचं लाडकं मुंगूस सकाळी नाहीसं झालेलं दिसलं आणि दुपारपर्यंत चोरही ठरला! आदल्या दिवशी लक्षा बुरूड राजवाड्यात करंड्या द्यायला आला होता. एका करंडीला झाकण होतं. राजाला तेवढं पुरलं.

राजानं स्वतः कायदा लिहिला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान. तक्रार करणारा तो फिर्यादी, ज्याच्यावर आळ तो आरोपी. निकाल बारा पंचांनी एकमतानं द्यायचा. आरोपीनं मात्र पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं, कारण आपण गुन्हा केला नाही हे सूर्य बुडायच्या आत त्यानंच सिद्ध करायचं. नाही जमलं तर तडीपार! आजवर ते एकालाही जमलं नव्हतं. राज्यात गुन्हेगार फार झालेत, असं राजाचं मत होतं.

भर चौकात उभ्या केलेल्या लक्षानं हात जोडले. "महाराज, न नेलेलं मुंगूस दाखवू कुठनं?"

"तो तुझा प्रश्न!" राजा म्हणाला. बाराही पंचांनी माना डोलावल्या. त्यांचं एकमत व्हायला कधीच वेळ लागत नसे.

तेवढ्यात लक्षाची मुलगी गिरजा गर्दीतून पुढं आली. बाप देशोधडीला लागणार हे तिला दिसत होतं, तरी आवाज खणखणीत होता.

"महाराज, हा कायदा सगळ्यांना लागू?"

"अगदी मलासुद्धा!" राजानं छाती फुगवली.

"मग माझी फिर्याद घ्या. मुंगूस महाराजांनीच राजवाड्यात लपवलंय!"

न्यायाधीशांनी कायद्याची पोथी चाळली, पुन्हा चाळली आणि घसा खाकरून म्हणाले, "आरोपीनं पश्चिमेकडे तोंड करावं."

राजा उन्हात डोळे किलकिले करून उभा राहिला. शिपाई राजवाडा धुंडाळू लागले. कोठार पाहिलं, मुंगूस नाही. मुदपाकखाना पाहिला, तिथंही नाही.

"नाही सापडलं! झालं सिद्ध!" राजा ओरडला.

"शिपाई मुदपाकखान्यात होते तेव्हा ते कोठारात गेलं असंल," गिरजा म्हणाली. "मुंगूस हाय ते, महाराज. एका जागी बसतंय व्हय?"

शिपायांनी कोठार पुन्हा पाहिलं, मग मुदपाकखाना पुन्हा. सूर्य टेकडीला टेकला. पंच पागोटी सावरत जमिनीकडे बघू लागले. राजाला तडीपार कसं करतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

राजाला दरदरून घाम फुटला. "अगं, मी लपवलं असेल तर ते तू दाखव! न लपवलेलं मी कसं दाखवू?"

"माझा बा दुपारपास्नं हेच म्हणतोय!"

राजा उसळला, "म्हणजे तू राजावर खोटा आळ घेतलास! त्याची शिक्षा ठाऊक आहे?"

"ठाऊक हाय. पण आळ खोटा हाय हे आधी सिद्ध तर करा! अजून थोडं ऊन हाय."

राजा पोट धरून हसत सुटला. त्यानं दौत मागवली, कायद्यातली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "ज्यानं आळ घेतला, त्यानंच पुरावा द्यावा." लक्षाला तिथल्या तिथं निर्दोष सोडलं आणि गिरजेला नदीकाठचं अख्खं वेळूचं बन इनाम दिलं!