बाण हरवला

“पण एवढी साधी गोष्ट बाबांना कळत कशी नव्हती, महाराज?”

निरंजन देवस्थळी विचारत होता. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब. वडील इथेच गावात विज्ञानाचे मास्तर होते. महिन्यापूर्वी गेले.

भाऊमहाराज मठाच्या ओट्यावर वाती वळत होते.

“कोणती गोष्ट?”

“दर रविवारी तेच. ‘निरू, बाण हरवला.’ म्हणजे माउसचा, स्क्रीनवरचा बाण. मी पुण्याहून गाडी काढून यायचो. दोन मिनिटांचं काम. बाबा शेजारी स्टूल ओढून बसणार आणि वर मलाच सांगणार, ‘सावकाश कर. चहा ठेवलाय.’”

“मग?”

“मग मी उपाय काढला. एक प्रोग्रॅम टाकला. पुण्यात बसून इथला बाण हलवायचा. यायची कटकटच संपली!”

हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला. हुशार माणसाला दुःखातसुद्धा आपली हुशारी सांगितल्यावाचून राहवत नाही.

“मास्तरांना आवडलं?”

“...आई सांगते, बाण आपोआप हलायला लागला की ते काचेवर बोट ठेवायचे. म्हणायचे, निरू आला बघ.”

महाराजांच्या हातातली वात तशीच राहिली.

“पुढे?”

“एका रविवारी फोन आला. कॉम्प्युटर सुरूच होत नाही म्हणाले. बंद पडलेल्या यंत्रापुढे माझा प्रोग्रॅम काय करणार? मी वैतागलो होतो. ओरडलो, ‘बाबा, प्लग तरी बघा. एवढीही अक्कल उरली नाही का?’ आणि फोन ठेवला. बुधवारी ते गेले.”

महाराजांनी वाती बाजूला ठेवल्या. निरंजनच पुढे बोलू लागला.

“दिवसकार्य झाल्यावर मी पाहिलं, तर कॉम्प्युटरची वायर काढलेली. नीट गुंडाळून, रबर लावून कपाटात ठेवलेली. शहाणा माणूस असं करेल? डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार असेल. तुम्ही त्यांना रोज बघायचात. आजारच होता ना, महाराज? आजारी माणसावर ओरडलो, ते पाप मी भोगीन. पण दुसरं काही असेल तर...”



“आमचा भजनाचा लाउडस्पीकर बंद पडला होता,” महाराज म्हणाले. “मास्तरांनी त्याच आठवड्यात सगळा उघडला आणि गप्पा मारत मारत जोडून दिला.”

निरंजनने मान खाली घातली. हे उत्तर त्याला नको होतं.

महाराज उठले, आत गेले. थोड्या वेळाने दारातूनच त्यांनी हाक मारली.

“आमचाही कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. बघतोस जरा?”

मठाला कॉम्प्युटर कशाला, असं विचारू नये. हल्ली देणगीची पावती देवाच्या दारीही छापील लागते.

निरंजनला बरंच वाटलं. रडण्यापेक्षा दुरुस्ती सोपी. तो आत जाऊन खुर्चीत बसला, बटण दाबून पाहिलं, मग टेबलाखाली वाकला.

“महाराज, याला वायरच नाही!”

“असं?”

“कुणीतरी काढून नेलीय. अशानं कसा सुरू होईल?”

महाराजांनी उपरण्याखालून हात बाहेर काढला. हातात वायर होती, नीट गुंडाळलेली. ती त्यांनी त्याला दिली नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसले.

निरंजन वायरकडे बघत राहिला. मग त्याची नजर स्टुलावर गेली.

“बाबा...”

एवढंच त्याच्या तोंडून निघालं. टेबलावर डोकं टेकून तो हमसून हमसून रडायला लागला.

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“सावकाश कर,” ते म्हणाले. “चहा ठेवलाय.”