खालच्या फांदीवरची शिलाई

फार वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या बेहड्यावर पक्ष्यांची वस्ती होती. झाड फक्त राहण्यासाठी, धंदा करायचा तर ओढ्यापलीकडच्या बाभळीवर, असा तिथला नियम. पानं शिवून घरटी बांधून देणाऱ्या शिंपिणीला तो जाचत होता. ती पलीकडे गेली, की इकडे तिच्या अंड्यांवर कावळा टपलेला असे.

"सकाळपुरतं, खालच्या फांदीवर, माझ्या दारातच शिवीन," तिनं शेंड्यावरच्या बैठकीत सांगितलं.

म्हातारा धनेश म्हणाला, "आज तू, उद्या सुतारपक्षी येऊन ठोकाठोक करेल. झाडाचा बाजार होईल, पोरी!"

"आजोबा, तुमची ढोली सुतारानंच कोरलीय ना? की आभाळातून पडली?"

सगळे फिसकन हसले. धनेश चिडला. "वस्तीत कुणालाच हे नकोय!"

शिंपिणीनं सभोवार पाहिलं. बैठकीत बाकी सगळे नरच होते. अंड्यांवर बसलेल्या माद्यांना शेंड्यावर यायला जमतच नसे.

"मग मी दारोदार जाऊन विचारते," म्हणत ती खाली उतरली.

पहिलंच दार धनेशाचं. त्याची बायको रिवाजाप्रमाणे चिखलानं लिंपलेल्या ढोलीत अंड्यांवर बसली होती. शिंपिणीनं फटीतून तिला सगळं सांगितलं. तेवढ्यात धनेश उंबर घेऊन आला आणि त्यानं फटीत चोच घातली. आतली चोच पुढे आलीच नाही.

"अहो, आधी त्या पोरीला हो म्हणा. मग जेवते मी."

चोचीत उंबर असल्यानं धनेशाला वाद घालता येईना. त्यानं मुकाट्यानं होकारार्थी मान हलवली.